गळाला काहीही लागो: गोड्या पाण्यातल्या मासेमारीची पहिली पावलं

पहिल्या दिवशी मोठ्या माशाचा बेत करू नका. बोटाएवढे, फार तर वीतभर मासे भरपूर असतील असं पाणी शोधा. लहान मासे तासाभरात दहा-वीस वेळा आमिषाला तोंड लावतात. तेवढ्या वेळा फ्लोटचं, म्हणजे गळाच्या दोरीवरच्या तरंगत्या खुणेचं, हलणं ओळखायचा, मनगट उचलायचा आणि ओल्या हातात मासा धरायचा सराव होतो. मोठ्या माशाची वाट पाहत बसलं तर हा सराव महिनाभरातही होत नाही. शिवाय फ्लोट पाण्याखाली गेला की खाली नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तो क्षण वीतभर माशासाठीही तितकाच भरलेला असतो.

पाण्यावर जाण्याआधी एक काम करून टाका. तिथे मासे धरायला परवानगी लागते का, कुठल्या महिन्यांत बंदी असते, कुठल्या जातीचे आणि किती लांबीचे मासे परत सोडावे लागतात, हे त्या पाण्याची देखरेख करणाऱ्यांना विचारा. प्रत्येक तळ्याचे नियम वेगळे असतात. बंदीचा काळ बहुधा माशांच्या विणीचाच असतो.

काठी, तंगूस, गळ

सुरुवातीला रीळ (दोरी गुंडाळायची फिरकी) नसलेली काठी घेतलीत तर उत्तम. तीन ते चार मीटरची बांबूची किंवा एकात एक सरकणारी काठी घ्या. तिच्या टोकाला काठीच्या लांबीपेक्षा वीतभर कमी तंगूस (गळाची दोरी) बांधा. रीळच नसल्यामुळे त्यात गुंता होण्याचा प्रश्न येत नाही, आणि सगळं लक्ष फ्लोटवर राहतं. काठापासून तीन-चार मीटरच्या आतच लहान मासे सगळ्यात जास्त असतात, त्यामुळे लांब फेकता येत नाही म्हणून काही अडत नाही.

रिळाची काठी घ्यायचीच असेल तर सात-आठ फुटांची, टोकाला मऊ वाकणारी आणि बुंध्याला थोडी ताठ असलेली घ्या. तिच्यावर २५०० मापाचं स्पिनिंग रीळ बसतं. तंगूस ०.२० ते ०.२५ मिलीमीटर जाडीचा, साध्या एकेरी नायलॉनचा असावा. वेणीचा धागा ताकदीला जास्त असतो, पण तो ताणला जात नाही. नवखा हात हिसका देतो तेव्हा नायलॉन थोडा लांबून हिसका पोटात घेतो, वेणीचा धागा तोच हिसका थेट माशाच्या ओठापर्यंत पोहोचवतो. तंगूस भरताना रिळाच्या काठाखाली दोन-तीन मिलीमीटर जागा सोडा. काठोकाठ भरला की फेकताना वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. फार कमी भरला तर तो रिळाच्या कडेला घासत जातो आणि फेक आखूड पडते.

गळाच्या आकड्यांत नवखे हमखास फसतात. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे १२ नंबरचा गळ ८ नंबरपेक्षा लहान. १ नंबरच्या पुढे मात्र १/०, २/० अशी उलटी चाल सुरू होते आणि गळ मोठे होत जातात. वीतभर माशांसाठी १० ते १४ नंबर, अर्धा-एक किलोच्या माशांसाठी ६ किंवा ८. शंका आली तर लहान घ्या. लहान गळावर मोठा मासा येऊ शकतो, मोठ्या गळावर लहान मासा फक्त आमिष कुरतडून जातो.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. मासा निसटतो तो बहुतेक तंगूस सैल पडल्यामुळे. काटा नसलेला गळ तोंडातून एका झटक्यात निघतो, आणि तुमच्या बोटात घुसला तरी सरळ निघतो.

याखेरीज लांब चोचीचा चिमटा, तंगूस कापायला छोटी कात्री, लांब दांड्याची मऊ जाळी, टोपी आणि पोलराइज्ड चष्मा लागतो. या चष्म्यानं पाण्यावरची चमक कमी होऊन खालचे दगड आणि मासे दिसतात, आणि उडून आलेल्या गळापासून डोळेही वाचतात.

एकच गाठ, पण पक्की

पॅलोमार गाठ शिका. तिनं बहुतेक सगळं भागतं.

१. तंगुसाचं टोक १५ सेंटीमीटर दुमडून दुहेरी करा आणि तो फास गळाच्या नेढ्यातून ओवून घ्या.

२. दुहेरी तंगुसाची साधी सैल गाठ मारा. गळ खाली लोंबता राहू द्या.

३. शेवटचा फास पूर्ण गळावरून पलीकडे घाला.

४. गाठ ओली करा आणि दोन्ही धागे एकदम, सावकाश ओढा.

५. उरलेलं टोक दोन-तीन मिलीमीटर ठेवून कापा.

ओली करायचं विसरू नका. कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो आणि नेमका गाठीपाशीच कमजोर होतो. जाडजूड माशानं तंगूस तोडला तर तुटलेलं टोक डोळ्याजवळ धरून पाहा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली, दोष बांधण्यात आहे. सरळ, खरखरीत तुटलं असेल तर तंगूस कुठेतरी दगडावर घासला होता. म्हणून दर पाच-सहा माशांनंतर गळाजवळचा मीटरभर तंगूस दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. बोटाला खर लागली की तेवढा तुकडा कापून गळ नव्यानं बांधा.

फ्लोट आणि वजन

फ्लोटवर "३ बीबी" असं काहीतरी लिहिलेलं असतं. बीबी हे तंगुसावर दाबून बसवायच्या वजनाच्या गोळीचं माप. एक बीबी गोळी ०.४ ग्रॅमची, म्हणजे त्या फ्लोटला १.२ ग्रॅम वजन लागतं. हे वजन कसं वाटायचं? दोन बीबी गोळ्या फ्लोट आणि गळ यांच्या मधोमध दाबून बसवा. उरलेल्या ०.४ ग्रॅमसाठी ४ नंबरच्या दोन गोळ्या घ्या, त्या प्रत्येकी ०.२ ग्रॅमच्या असतात. त्यातली एक गळापासून १५ सेंटीमीटर वर, दुसरी तिच्या आणि मधल्या जोडीच्या मध्ये. मधल्या वजनानं आमिष चटकन खाली जातं, शेवटच्या हलक्या गोळीमुळे तळाशी ते सावकाश उतरतं आणि माशाचा हलका स्पर्शही वर कळतो.

फ्लोटचं टोक पाण्यावर चार-पाच मिलीमीटरच दिसलं पाहिजे. बोटभर बाहेर राहिला तर माशाला तो ओढताना विरोध जाणवतो आणि तो आमिष थुंकतो. "आमिष सारखं खाल्लं जातंय पण मासा लागत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

गोळ्या शिशाच्या नकोत. टंगस्टनच्या किंवा कथिलाच्या घ्या. पाणपक्षी दळणासाठी खडे गिळतात, त्यांत हरवलेल्या शिशाच्या गोळ्याही जातात आणि पक्षी विषबाधेनं मरतात. हंस असे मरू लागल्यावर ब्रिटननं १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली.

आता खोली मोजा. नवखे हे टाळतात आणि दिवसभर चुकीच्या थरात आमिष टांगून बसतात. गळाला एक जड वजन तात्पुरतं अडकवा आणि जिथे बसणार तिथेच सोडा. फ्लोट पाण्याखाली गेला तर पाणी जास्त खोल आहे, फ्लोट वर सरकवा. आडवा पडला तर अंतर जास्त झालं, खाली सरकवा. टोक नेमकं पाण्याच्या रेषेवर आलं की ती खोली. तळाशी चरणाऱ्या माशांसाठी आमिष तळाला जेमतेम टेकू द्या, लहान माशांसाठी वीतभर वर ठेवा. रिळाच्या काठीवर घट्ट बसवलेल्या फ्लोटनं दीड मीटरपेक्षा खोल पाणी सुरुवातीला घेऊ नका. खाली लोंबणारा तंगूस फार लांब होतो आणि फेकताना झुडपात जातो.

कुठे बसायचं

पोहोचल्या पोहोचल्या सामान उघडू नका. दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. पहिल्यांदा हे दहा मिनिटं जड जातात, पण याच वेळात जागा ठरते.

एकाच ठिकाणी संथपणे येत राहणारे मोठे बुडबुडे बहुधा तळाशी कुजणाऱ्या पाल्याचे असतात. बारीक साबणाच्या फेसासारखे बुडबुडे गुच्छानं वर येऊन हळूहळू पुढे सरकत असतील, तर खाली कार्प जातीचा मासा चिखल उकरत चरतो आहे. देठ हलणारी पाणवेल, वारा नसताना उमटणारं वर्तुळ, उथळ आणि खोल पाण्याच्या सीमेवरचा रंगबदल, ओढा मिळतो ते तोंड, झाडाची सावली, वाहत्या पाण्यात दगडामागचा शांत भाग: मासे अशा जागा धरतात, कारण तिथे खायला असतं आणि लपायलाही.

वारा तुमच्या तोंडावर येईल असा काठ सहसा चांगला. वाऱ्यानं वरचं पाणी आणि त्यातले किडे त्याच काठाकडे ढकलले जातात. फेकायला त्रास होतो खरा, पण मासे तिकडेच असतात.

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळतानाची. उन्हाळी दुपारी मासे मंदावतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्या पाण्यात मासा लवकर थकतो आणि सोडल्यावरही सावकाश सावरतो. कडक उन्हात मासे धरून सोडायचे असतील तर काम झटपट उरका, नाहीतर त्या दुपारी गळ टाकूच नका.

बोलण्याची फार भीती नको, हवेतला आवाज बराचसा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. पावलांची धमक मात्र जमिनीतून थेट पाण्यात उतरते आणि माशांना ती अंगावरच्या संवेदनारेषेनं कळते. सावकाश चाला, खाली बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका.

बसण्याआधी एकदा वर बघा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली काठी उभी करू नका. ढग गडगडले की काठी खाली ठेवून पाण्यापासून लांब जा. धरणाच्या खालच्या पात्रात पाणी अचानक सोडलं जातं, तिथे मधल्या खडकावर जाऊन बसू नका. पोहता येवो न येवो, खोल काठावर किंवा होडीत लाइफ जॅकेट घाला.

आमिष

गांडूळ सगळ्यात भरवशाचं. लहान गळाला अख्खं गांडूळ लावू नका, दोन सेंटीमीटरचा तुकडा पुरतो. गळाचं टोक किंचित बाहेर ठेवा. ते आमिषात पूर्ण बुडालं तर माशाच्या ओठात शिरायला वेळ लागतो.

कणकेचा गोळा सोपा, पण तो पाण्यात विरघळतो. १०० ग्रॅम पिठात ५०-६० मिलीलिटर पाणी थोडं थोडं घालत कानाच्या पाळीइतकं मऊ मळा, आणि मळताना चिमूटभर पिंजलेला कापूस त्यात घाला. कापसाचे तंतू गोळा धरून ठेवतात. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं, गळावर भेगा पडत असतील तर कमी. वाटाण्याएवढी गोळी गळाला लावून काठाजवळ बुडवून पाहा. पाच मिनिटं टिकली तर मळणं जमलं. मक्याचे उकडलेले दाणेही छान टिकतात, आणि लहान मासे ते पटकन ओरबाडू शकत नाहीत.

फ्लोटच्या आसपास थोडं खाद्य टाकत राहा: त्याच पिठाचा लिंबाएवढा ओला गोळा सुरुवातीला, मग दर दहा मिनिटांनी चिमूटभर. पोट भरलं की मासे निघून जातात, म्हणून थोडं आणि वरचेवर.

फेकणं

रीळ नसलेल्या काठीला फेक अशी नसतेच. गळाच्या वर वीतभर तंगूस डाव्या हातात धरा, काठीला हलकी कमान द्या आणि सोडा. फ्लोट झोका घेत पुढे जातो.

रिळाच्या काठीनं: फ्लोट टोकापासून हातभर खाली ठेवा. मागे कुणी नाही, फांदी नाही, हे वळून बघा. तंगूस तर्जनीच्या पेरावर धरा, रिळाची तारेची कमान उघडा. काठी खांद्यावरून सावकाश मागे न्या आणि वाढत्या वेगानं पुढे आणा, ती डोळ्यांच्या थोडी वर समोर आली की बोट सोडा. फ्लोट आकाशात गेला तर बोट लवकर सुटलं. पायापाशी आपटला तर उशिरा. पाण्याला टेकायच्या क्षणभर आधी सुटणाऱ्या तंगुसाला बोटानं हलका स्पर्श करा. फ्लोट थबकतो आणि गळ त्याच्या पुढे सरळ पडतो. हे केलं नाही की गळ फ्लोटभोवतीच गुंडाळला जातो. कमान हातानं बंद करा. हँडल फिरवून बंद केली तर तंगुसात सैल वेटोळं राहतं आणि पुढच्या फेकीला तेच गुंता होऊन बाहेर येतं.

फ्लोट काय सांगतो

इथे घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे.

टोक बारीक थरथरतं, दोन-तीन मिलीमीटर खाली-वर होतं: लहान मासे कडा कुरतडत आहेत. मनगट उचलू नका. हे पाच मिनिटं चाललं तर आमिष अर्धं करा आणि गळ एक माप लहान लावा.

टोक हळूच वर येतं, जणू कुणी खालून ढकललं: माशानं तळावरचं आमिष उचललं, त्याबरोबर शेवटची गोळी उचलली गेली आणि फ्लोटवरचा भार कमी झाला. बहुतेक नवखे हे सोडून देतात. याच वेळी उचला.

फ्लोट एका बाजूला सरकत जातो, किंवा तिरका होऊन सरळ खाली नाहीसा होतो: उचला.

उचलायचं म्हणजे मनगटानं काठीचं टोक हातभर वर न्यायचं, बस. पूर्ण हातानं ओढलं की लहान माशाचा ओठ फाटतो किंवा तो उडून मागच्या झाडावर जातो. टोक जड लागून धडधडू लागलं की मासा आहे. काहीच लागलं नाही तर गळ बाहेर काढून आमिष बघा, रिकामा गळ पाण्यात ठेवून तासभर बसणं फार सोपं असतं.

मासा आणणं

ड्रॅग, म्हणजे जास्त ताण आला की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक, आधीच लावलेला हवा. तंगुसाच्या ताकदीच्या पावपट ते एकतृतीयांश ताणाला तो सुटला पाहिजे. चार किलोच्या तंगुसासाठी सोपी कसोटी: एक लिटर पाण्यानं भरलेली बाटली तंगुसाला बांधा आणि काठीनं उचला. बाटली जमिनीवरून जेमतेम सुटून तंगूस हळूहळू सरकू लागला की ड्रॅग बरोबर.

काठी कमरेपासून ४५ ते ६० अंशांवर धरा. डोक्यामागे नेऊ नका, टोक तिथेच तुटतं. मासा पळतो तेव्हा पळू द्या, त्या वेळी हँडल फिरवलं तर मासा येत नाही, फक्त तंगुसाला पीळ पडतो. तो थांबला की काठी सावकाश वर घ्या, मग खाली आणताना रीळ फिरवा. वेलींकडे धावला तर काठी आडवी करून बाजूनं ताण द्या. तंगूस क्षणभरही सैल सोडू नका.

जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा तिच्यावर आणा. जाळीनं माशाचा पाठलाग केला की तो शेवटची उडी घेतो आणि सुटतो.

हातात धरताना

हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं बुरशी-जंतूंपासून रक्षण करतो, कोरडा हात किंवा फडकं तो पुसून टाकतं. पोटाखाली तळहात ठेवा, कल्ल्यांत बोटं घालू नका, मासा मातीवर ठेवू नका. गळ ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं चिमट्यानं मागे काढा. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस जितका जवळून कापता येईल तितका कापून मासा सोडा. ओढून काढण्यापेक्षा असं केल्यानं मासा जगण्याची शक्यता जास्त असते. फोटो घ्यायचा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, आणि मासा वर असेपर्यंत स्वतःचा श्वास धरून बघा. तुम्हाला जड गेलं की त्यालाही जड गेलेलं असतं.

मिशा असलेले मासे जपून धरा. त्यांच्या पाठीच्या आणि छातीच्या परांत टोकदार काटे असतात, काही जातींत विषारीही. काटा बोचला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, कळ कमी होते. सूज वाढली किंवा काटा आत मोडला तर डॉक्टरांकडे जा. तिलापियासारख्या माशांच्या पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून आधी मिटवून घ्या.

सोडताना मासा दोन्ही हातांत सरळ, पाण्याखाली धरा. वाहत्या पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे असू द्या. कल्ले उघडमिट करू लागतात, मग शेपटीला जोर येतो आणि तो हातातून स्वतः निघून जातो. ढकलू नका, त्याला हवा तेवढा वेळ द्या.

गळ अडकला तर

वाकलेल्या काठीनं हिसके देऊ नका. सुटलेलं वजन गोळीसारखं तोंडावर येतं. आधी तंगूस सैल करून काठी बाजूबाजूनं हलवा, जागा बदलून उलट्या दिशेनं ओढा. नाहीच सुटला तर काठी सरळ अडकलेल्या जागेकडे रोखा, तंगूस एका लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा, तोंड फिरवा आणि मागे चालत जा. हाताला गुंडाळू नका, बारीक तंगूस कातडी कापतो.

निघताना

तुटलेल्या तंगुसाचे सगळे तुकडे गोळा करा, स्वतःचे आणि इतरांचेही. पक्ष्यांच्या पायांत ते अडकतात आणि गाठ आवळत जाते. घरी नेऊन बोटाएवढे कापून कचऱ्यात टाका. उरलेली गांडुळं काठावर सोडू नका, एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात कधीच टाकू नका. बाहेरच्या जाती आणि रोग असेच पसरतात. जाळी आणि बूट दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा.

गळ चिंधीनं पुसून कोरडे करून डबीत ठेवा, ओला गळ रात्रीत गंजतो आणि त्याचं टोक जातं. टोक नखावर हलकं टेकवून बघा: घसरलं तर बोथट, रुतलं तर चालेल. रीळ ओल्या फडक्यानं पुसा आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळून ठेवला तर आतल्या चकत्या दबून बसतात, आणि पुढच्या वेळी तंगूस झटक्यानं सुटतो.